शिडीची खालची पायरी

नाशिकच्या गंगापूर रोडच्या टर्फवर रात्री फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या अंगात लिव्हरपूल, आर्सेनलच्या जर्सी असतात. मे महिना आला की त्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो : यंदा खाली कोण जाणार? म्हणजे तळाला राहून खालच्या श्रेणीत कोण ढकललं जाणार? आयपीएल बघत वाढलेल्या पोराला याचं अप्रूप वाटणारच. तिथं तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच स्पर्धेत उतरतो.

इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली, तेव्हा तळाच्या संघांचं भवितव्य इतर क्लबांच्या मतांवर ठरे. १८९२ मध्ये दुसरी श्रेणी आली आणि वर कोण, खाली कोण हे ठरवायला 'टेस्ट मॅच' खेळवल्या जाऊ लागल्या. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली यांची गाठ पडली. बरोबरी झाली तर दोघांनाही पहिल्या श्रेणीत जागा, असं गणित होतं. सामना ०-० सुटला आणि मोठी ओरड झाली. पुढच्याच हंगामापासून तळाचे दोन थेट खाली आणि खालचे पहिले दोन थेट वर, असा नियम झाला. मला हा नियम फार न्याय्य वाटतो, कारण त्यात कुणाच्या ओळखीपाळखीला जागा उरली नाही.

पुढे पैसा वाढला तशी भीतीही वाढली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग ही नवी वरची श्रेणी सुरू झाली आणि टीव्हीच्या हक्कांमुळे वरच्या आणि खालच्या श्रेणीच्या उत्पन्नात दरी पडली. खाली गेलेल्या क्लबला सावरायला 'पॅराशूट' रक्कम मिळते, जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दर वर्षी कमी होत जाणारी. पगार मात्र वरच्या श्रेणीतले असतात. म्हणून आता बऱ्याच करारांत खाली गेल्यास पगार कमी होईल, असं कलम घालतात.

लीड्स युनायटेड २००१ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता. पुढच्या यशाच्या भरवशावर कर्ज काढलं होतं, यश आलं नाही. २००४ मध्ये क्लब खाली गेला, त्याच वर्षी स्वतःचं एलंड रोड मैदान विकावं लागलं, २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला. तरी त्याचे लोक मैदानावर येत राहिले. २०२० मध्ये लीड्स परत वर आला. सोळा वर्षं लागली, पण क्लब होता म्हणून परतला.

आपल्याकडे नेमकं हेच घडलं नाही. फगवाड्याचा जेसीटी १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. २०१०-११ मध्ये आय-लीगमधून (राष्ट्रीय लीगच्या जागी आलेली लीग) खाली गेला आणि काही आठवड्यांतच गिरणी चालवणाऱ्या मालकांनी संघ बंद केला. मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला राहिला, त्यानंतर आय-लीगमध्ये दिसलाच नाही. नाशिकच्या फुटबॉलवेड्यांसाठी हे जवळचं नुकसान होतं : पंचवटी एक्स्प्रेसने जायचं, मुंबईच्या कूपरेज मैदानावर सामना बघायचा, रात्री घरी. दुसरीकडे बालेवाडीला खेळणारा पुणे एफसी २००९ मध्ये खालून वर चढला, २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला, पण २०१५ नंतर तोही उरला नाही. त्याला तर कुणी खाली ढकललंही नव्हतं. या क्लबांमागे एकेक कंपनी होती. तिचा हात निघाला की खाली धरायला काही नसे.

२०१४ मध्ये आलेल्या आयएसएलने (इंडियन सुपर लीग) तर वर-खाली जायची शिडीच काढून ठेवली. भारतीय फुटबॉलच्या २०१९ च्या आराखड्यात ती परत बसवायचं ठरलं. त्यानुसार २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग आय-लीगमधून वर आले. मोहम्मडन पहिल्याच हंगामात तळाला राहिला, पण त्या वर्षी खाली कुणालाच पाठवलं नाही. टर्फवरच्या पोरांनी मला त्याचं कारण विचारलं होतं. १८९८ ची गोष्ट त्यांना मी तेव्हाच पहिल्यांदा सांगितली.