इंग्रजी रूपविकार : नियमित क्रियापदे व नामे

वाक्यातील कार्यानुसार शब्दाच्या रूपात होणारा बदल म्हणजे रूपविकार. मराठीच्या मानाने आजच्या इंग्रजीत तो फार थोडा उरला आहे. नियमित क्रियापदाची चारच रूपे होतात : पॅक, पॅक्स, पॅक्ट, पॅकिंग. भूतकाळ आणि भूतकालवाचक धातुसाधित (पास्ट पार्टिसिपल) यांचे रूप एकच असते. नामाला अनेकवचन व षष्ठी असे दोनच विकार होतात. काळ-अर्थाचे बाकीचे भेद सहायक क्रियापदांनी दाखवले जातात.

उच्चार : प्रत्ययाचा उच्चार त्याच्या आधीच्या ध्वनीवर ठरतो, स्पेलिंगवर नाही. नाशिक-निफाड-दिंडोरी पट्ट्यातील द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये रोज कानावर पडणाऱ्या शब्दांतून हे सगळे नियम दाखवता येतात. ‘एस’ प्रत्यय अघोष (कंठात कंप न होणाऱ्या) व्यंजनानंतर ‘स्’ होतो (ग्रेप्स, क्रेट्स), तर घोष (कंप होणाऱ्या) व्यंजन किंवा स्वरानंतर ‘झ्’ (ओनियन्झ, लेबल्झ). शेवटी स, श, च, ज यांसारखा ध्वनी असल्यास ‘इझ्’ ऐकू येतो (बंचिझ, बॉक्सिझ). क्रियापदाचा ‘एस’ आणि नामाची षष्ठी यांनाही हेच लागू आहे. मराठी लेखनात ‘ओनियन्स’ लिहिण्याची रूढी असल्याने स्-झ् हा भेद डोळ्यांना दिसत नाही व बोलण्यातूनही निसटतो.

‘ईडी’चे तसेच : अघोषानंतर ‘ट्’ (पॅक्ट, वॉश्ट, डिप्ट), घोषानंतर ‘ड्’ (प्रून्ड, लेबल्ड), आणि मूळ शब्द ट् किंवा ड् ने संपत असेल तरच ‘इड्’ (सॉर्टिड, लोडिड). ‘पॅकेड’, ‘वॉशेड’ हे उच्चार लिहिलेले अक्षर वाचण्याच्या सवयीतून येतात.

लेखन : एकच ऱ्हस्व स्वर व त्यानंतर एकच व्यंजन असलेल्या एकाक्षरी (एकाच उच्चार-अवयवाच्या) धातूचे अंत्य व्यंजन दुप्पट होते, ‘डिप’च्या ‘डिप्ट’, ‘डिपिंग’ या रूपांत दोन ‘पी’ लिहितात. अनेकाक्षरी धातूत आघात (उच्चारातील जोर) शेवटच्या अवयवावर असेल तरच असे होते : ‘प्रिफर’मध्ये होते, ‘व्हिजिट’मध्ये नाही. ‘ट्रॅव्हल’ला मात्र ब्रिटिश लेखनात दोन ‘एल’ येतात, अमेरिकन लेखनात एक. व्यंजनानंतरचा ‘वाय’ ‘ईडी’पूर्वी ‘आय’ होतो, ‘आयएनजी’पूर्वी तसाच राहतो. ‘टोमॅटो’ला अनेकवचनी ‘ईएस’ लागतो, ‘फोटो’ला नुसता ‘एस’. अशी रूपे पाठच करावी लागतात.

उगम : ‘ईडी’चा पूर्वज असलेला दंत्य (त-द ध्वनीचा) भूतकालप्रत्यय सर्व जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन इत्यादींच्या कुळात) आढळतो, इतर इंडो-यूरोपीय शाखांत मात्र नाही. त्याच्या उगमाविषयी दीर्घकाळ वाद आहे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रांट्स बोप यांच्यापासून चालत आलेल्या मतानुसार धातूला ‘करणे’ या अर्थाचे क्रियापद जोडले जाऊन हा प्रत्यय घडला. चौथ्या शतकातील बायबल-भाषांतरातून ज्ञात असलेल्या गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘सल्बोदेदुम’ (आम्ही लेप लावला) अशी बहुवचनी रूपे मिळतात. त्यांतील ‘देद’ हा अंश या मताचा मुख्य आधार. मात्र काही जुन्या क्रियापदांत ‘द’ऐवजी ‘त’ दिसतो आणि तो ‘करणे’वरून सरळ साधता येत नाही. म्हणून दुसरा पक्ष प्रत्ययाचे मूळ ‘-तो’ या कर्मणी धातुसाधितात शोधतो. मूळ रचना ‘करणे’ची व तिच्यावर धातुसाधिताचा प्रभाव, ही मांडणी अधिक समाधानकारक वाटते. प्रत्ययातील स्वर मध्ययुगाच्या अखेरीपासून बोलण्यातून गळत गेला. ‘लर्निड’ (विद्वान), ‘ब्लेसिड’ यांसारख्या विशेषणांत तो टिकला आहे.

वर्तमानकाळी ‘एस’ दहाव्या शतकातील नॉर्थम्ब्रियन (उत्तर इंग्लंडच्या) बोलीत, लिंडिसफार्न गॉस्पेल्स या लॅटिन हस्तलिखितावरील टीपांत दिसतो. दक्षिणेकडे ‘ईटीएच’ रूढ होता व 1611 च्या बायबलमध्येही तोच आहे; त्या सुमारास लंडनच्या बोलण्यात ‘एस’ बहुधा रुळला असावा. त्यामागे स्कँडिनेव्हियन संपर्क कितपत होता, यावर एकमत नाही. अनेकवचनी ‘एस’ जुन्या इंग्रजीतील पुल्लिंगी ‘-अस’ प्रत्ययापासून आला. ‘ऑक्सन’, ‘चिल्ड्रन’ ही दुसऱ्या पद्धतीची शिल्लक रूपे.

मराठी भाषकांच्या अडचणी : नेमकी चूक बहुधा मराठीच्या व्यवस्थेतून उद्भवते. ‘एक घड, पाच घड’ यांत नाम बदलत नाही, म्हणून ‘फाइव्ह बंच’ तोंडात येते. इंग्रजीत संख्येनंतरही अनेकवचन लागते. उलट ‘फाइव्ह-किलो बॉक्स’ या विशेषणात ‘किलो’ला ‘एस’ लागत नाही. मराठीत कर्ता अनेकवचनी झाला की क्रियापदही तसे होते (शेतकरी विकतो, शेतकरी विकतात). त्यामुळे ‘फार्मर्स सेल्स’ असा दोन्हीकडे ‘एस’ लावला जातो. साध्या वर्तमानकाळात पडताळा असा : कर्त्यावर अनेकवचनी ‘एस’ असेल तर क्रियापदावर नको. मराठी प्रश्नात ‘का’ जोडला की पुरते, ‘पॅक केले का?’मध्ये भूतकाळ क्रियापदावरच राहतो. त्यातून ‘डिड यू पॅक्ट’ घडते. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ने घेतला की धातू मूळ रूपात येतो : ‘डिड यू पॅक’. ‘इक्विपमेंट’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ यांना अनेकवचन नाही.

बागायतदारांच्या बोलण्यात ‘थिनिंग’ (घडातील मण्यांची विरळणी), ‘डिपिंग’ (घड द्रावणात बुडवणे) ही ‘आयएनजी’ रूपे नामे म्हणून पक्की रुळली आहेत : ‘थिनिंग झालं’, ‘डिपिंग करायचंय’. ‘ईडी’ रूपांना तशी जागा मिळालेली नाही. तिथे ‘पॅक केलं’ हीच रचना चालते.