स्त्री-अभ्यासाची जर्नल्स आपल्याकडे आली कुठून

जेंडर स्टडीजचं, म्हणजे स्त्री-अभ्यासाचं, जर्नल म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे अमेरिकेतून आलेलं फॅड आहे. तिकडे ती आधी निघाली हे खरंय, 'फेमिनिस्ट स्टडीज' १९७२ ला, 'साइन्स' (Signs) १९७५ ला, पण आपल्याकडे सगळं हललं ते एका सरकारी रिपोर्टमुळे. १९७१ मध्ये केंद्राने स्त्रियांच्या स्थितीवर समिती नेमली, १९७४ च्या शेवटी तिचा 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' रिपोर्ट आला आणि त्यातले आकडे बघून समितीतल्या बायकाच हादरल्या. हजार पुरुषांमागे १९०१ ला ९७२ बायका, १९७१ ला ९३०. स्वातंत्र्य मिळालं, घटनेने समान हक्क दिले, आणि बायका मात्र कमीच होत गेल्या!

१९७४ लाच मुंबईत समाजशास्त्रज्ञ नीरा देसाईंनी एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं रिसर्च युनिट सुरू केलं, १९८१ ला पहिली राष्ट्रीय परिषदही तिथेच झाली. आता अभ्यास होतोय, पण छापायचा कुठे? तर १९८५ पासून मुंबईच्याच 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'ने 'रिव्ह्यू ऑफ विमेन्स स्टडीज' ही खास पुरवणी काढायला घेतली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शेती नि मजुरीचे लेख वाचायला अंक उघडणाऱ्या माणसापुढे बाईच्या कामाचा हिशोबही आपोआप यायचा, वेगळं जर्नल त्याने कशाला हातात घेतलं असतं. तसं वेगळं जर्नलही नंतर आलं, दिल्लीच्या सीडब्ल्यूडीएस (सेंटर फॉर विमेन्स डेव्हलपमेंट स्टडीज) या संशोधन संस्थेचं 'इंडियन जर्नल ऑफ जेंडर स्टडीज', १९९४ ला.

आणि मग खरा वाद पेटला तोही वीकलीतच. १९९५ ला राजकीय विचारवंत गोपाळ गुरूंनी लिहिलं की दलित स्त्रिया वेगळं बोलतात, त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी बोलून चालणार नाही. त्याला धरून १९९८ ला पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगेंनी लिहिलं की सत्तरच्या दशकातल्या स्त्री चळवळीने जात बाजूलाच ठेवली, आणि दलित स्त्रीवादी भूमिका ही फक्त दलित बायकांनी घ्यायची गोष्ट नाही, बाकीच्यांनीही स्वतःला मुळापासून बदलून तिथे यायला हवं. पुढे त्यांनी दलित बायकांची मराठी आत्मकथनं इंग्रजीत नेली. म्हणजे जगणं मराठीत, लिहिणं मराठीत, आणि त्यावरची एवढी मोठी चर्चा इंग्रजी अंकात, जो ज्यांच्याबद्दल आहे त्यातल्या कितीतरी जणींना वाचताच येत नाही, हे मला अजूनही टोचतं.