मऊ कापडाने ओरखडे पडत नाहीत?

'जुनं बनियन मऊ असतं, गाडी कोरडीच पुसा, ओरखडा पडणार नाही' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पाणीटंचाईच्या मराठवाड्यात तो पटतोही. पण ओरखडा पाडते ती कापडाखाली सापडलेली धूळ. सपाट कापडाखाली कण रंगावरच घासत राहतो. मायक्रोफायबरच्या (अतिशय बारीक कृत्रिम धाग्यांच्या) लांब झुबक्यांच्या, हातात घालायच्या मोज्यात तो बराचसा आत शिरतो. म्हणून आधी मगाने पाणी ओतून धूळ सोडवा, मग साबणाचा मोजा हलक्या हाताने फिरवा आणि प्रत्येक दरवाजा झाला की तो साध्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत खळबळून घ्या. खात्री करायचीय? त्या बादलीच्या तळाशी बोट फिरवा, कचकच लागेल. काळ्या गाडीवर उन्हात दिसणाऱ्या बारीक गोल रेषा बहुतेक अशाच कचकचीच्या असतात. मोजा जमिनीवर पडला तर नीट धुतल्याशिवाय गाडीला लावूच नका.