काळ्या कागदावरचं हिरवं पाणी

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात शेततळं खोदलं जातं ते द्राक्ष-डाळिंबासाठी. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं आवर्तन आलं की तळं भरून घ्यायचं आणि त्यावर उन्हाळा काढायचा. एवढं पाणी साठलेलंच आहे तर त्यात रोहू-कटला सोडावेत, असं मनात येणं साहजिक आहे. मग कोणीतरी सांगतं, 'शेण टाका, मासे शेणावर पोसतात.'

शेण टाकणं बरोबर, पण मासे शेणावर पोसत नाहीत. गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातून निघालेल्या कडब्यात माशाला पचण्याजोगं फार थोडं उरतं. उरतो तो चोथा, असंख्य जिवाणू आणि नत्र, स्फुरद, पालाश. म्हणजे शेताला आपण ज्यासाठी शेणखत घालतो तेच. फरक इतकाच की इथलं पीक डोळ्यांना दिसत नाही.

शेण पाण्यात पडलं की जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. चोथा कुजतो, त्यातलं नत्र आणि स्फुरद पाण्यात विरघळतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो. ऊन असेल तर आठ-दहा दिवसांत पाण्याला हिरवट-तपकिरी झाक येते. हे वनस्पती प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. त्याच्यावर चरायला प्राणी प्लवंग, म्हणजे पाण्यातले बारीक जीव येतात. अशा तळ्यातलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हाकडे धरलं तर पांढुरके ठिपके हलताना दिसतात. त्यातले काही झटका देत वर उसळतात, क्षणभर थांबतात, हळूहळू खाली येतात आणि पुन्हा उसळतात. तो डॅफ्निया. त्याचं कवच पारदर्शक असतं, त्यामुळे साध्या भिंगातूनही पोटातली हिरवी रेघ दिसते. ते त्यानं नुकतंच खाल्लेलं शेवाळ. कटल्याच्या पिलाला याच्याइतकं चांगलं खाद्य बाजारात विकत मिळत नाही.

कोणता मासा काय खातो हे त्याच्या तोंडाकडे पाहून कळतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात प्राणी प्लवंग गाळून खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी कुजलेला गाळ आणि त्यावरचे जिवाणू चाटत फिरतो. रोहू मधल्या थरातला. चंदेऱ्याच्या (सिल्व्हर कार्पच्या) कल्ल्यांची चाळणी इतकी बारीक असते की तो शेवाळसुद्धा गाळून घेतो. म्हणून तीन-चार जाती एकत्र सोडायच्या. नुसताच कटला सोडला तर खालचं सगळं खाद्य वाया जातं.

हे नैसर्गिक खाद्य किती मोलाचं, याचा छडा इस्राएलमधल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कमी-अधिक वजनाच्या कार्बन अणूंवरून लावला. वेगवेगळ्या वनस्पतींत कार्बन-१३ चं प्रमाण वेगवेगळं असतं आणि खाणाऱ्याच्या अंगात तीच खूण उतरते. त्यामुळे माशाच्या मांसावरून त्यानं काय पचवलं याचा अंदाज बांधता येतो. तयार गोळीखाद्य घातलेल्या तळ्यांतही माशांच्या वाढीचा मोठा वाटा तळ्यात आपोआप तयार झालेल्या खाद्याचा निघाला. (आपल्याकडची जनावरं ज्वारीचा कडबा, मका आणि उसाचं वाडं खातात. या तिन्हींची कार्बनची खूण इतर बहुतेक झाडांहून वेगळी असते. असा प्रयोग करायला सांगलीचं शेण उत्तम!) कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत तर शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवले जातात. तिथंही मासा मैला खात नाही, त्यावर वाढलेले प्लवंग खातो.

आता आपल्या शेततळ्याकडे येऊ. मासेपालनाचे बहुतेक सल्ले मातीच्या, दीड-दोन मीटर खोलीच्या तलावांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडचं तळं प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, तीन मीटर किंवा त्याहून खोल. मातीच्या तळाची चिखलमाती स्फुरद धरून ठेवते, हळूहळू सोडते, जिवाणूंना थारा देते. कागदावर यातलं काहीच नाही. नव्या तळ्यात पहिल्या वर्षी पाणी काचेसारखं नितळ राहतं आणि मासे वाढत नाहीत, त्याचं मोठं कारण हेच. म्हणजे शेणाची गरज कागदाच्या तळ्यालाच जास्त. पण शेण जास्त झालं तर सावरून घ्यायला खाली माती नाही, त्यामुळे धोकाही त्यालाच जास्त.

चुन्याचंही तसंच. चुना आम्ल जमिनीसाठी सांगितलेला असतो. आपल्या भागातलं पाणी आधीच जड आणि क्षारीय. सामू (पीएच) मोजल्याशिवाय पुस्तकातला चुना ओतू नये.

शेण किती घालायचं? ताज्या शेणाची शिफारस साधारण हेक्टरी वर्षाला १० ते २० टन असते. ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे जवळपास ९ गुंठे, त्याला वर्षाला ९०० ते १,८०० किलो. यातला पाचवा हिस्सा बोटुकली (माशांची बोटभर पिलं) सोडण्याआधी पंधरा दिवस घालायचा आणि उरलेलं दर आठवड्या-पंधरवड्याला थोडं थोडं. दिवसाला दहा किलो शेण टाकणारी एक खिलार गाय वर्षाला साडेतीन टन देते, म्हणजे तिचं निम्मं शेणसुद्धा पुरून उरतं. खोल तळ्यात मी खालच्या आकड्यापासूनच सुरुवात करायला सांगेन. कोंबडीखत घालायचं असेल तर प्रमाण शेणाच्या तिसऱ्या हिश्शावर आणावं. ते जहाल असतं, त्यातून अमोनिया भराभर सुटतो.

आणि शेण पाटीनं ओतू नये. ओतलेलं शेण उताराच्या कागदावरून घसरत थेट तळाशी जातं. तिथं ऊन पोचत नाही, प्राणवायू नाही, नुसता काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा गाळ साठतो. त्यापेक्षा गोणपाटात भरून पोतं दोरीनं काठाशी अर्धवट बुडेल असं टांगावं. पोत्याभोवती चहाच्या रंगाचा पट्टा पसरताना दिसतो. दिवसातून एकदा दोरी हलवली की नवा अर्क सुटतो. पाणी फार हिरवं व्हायला लागलं तर पोतं सरळ बाहेर काढता येतं. ओतलेलं शेण परत काढता येत नाही.

पाणी किती नितळ आहे हे मोजायला १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाहिली होती. ती दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पारदर्शकता. मासेतळ्याला ही २५ ते ४० सेंटिमीटर हवी. तबकडी नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवावा. तळवा स्वच्छ दिसला तर खत कमी आहे. अर्ध्यावरच दिसेनासा झाला तर पोतं बाहेर. प्रकाश साधारण या खोलीच्या दुपटीपर्यंत कामाला येतो. पारदर्शकता १५ सेंटिमीटरवर आली तर तीन मीटर तळ्यातला वरचा जेमतेम फूटभर थर प्राणवायू तयार करतो आणि बाकीचं सगळं तळं तो नुसता खर्च करतं.

खरी मेख या प्राणवायूत आहे. दिवसा शेवाळ प्राणवायू बनवतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. शिवाय शेण कुजवणारे जिवाणू, प्राणी प्लवंग आणि मासे, सगळ्यांचा श्वास चालूच असतो. ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू विरघळून राहतो आणि रोहू-कटल्यासारख्या कार्प जातीच्या माशांना निदान ५ तरी लागतो. म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. तेव्हा मासे पृष्ठभागाला तोंडं लावून आ वासताना दिसले तर त्यांना भूक लागलेली नसते, जीव गुदमरत असतो. अशा वेळी खाद्य टाकणं म्हणजे उलटा उपाय. मोटर चालू करून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात सोडावं आणि पुढचे काही दिवस शेण बंद ठेवावं.

ऑक्टोबरात फळछाटणीनंतर सलग ढग राहिले की द्राक्षवाला दावण्या या बुरशीरोगाच्या धास्तीनं पंप पाठीला लावतो. त्याच दिवसांत तळ्यावरही नजर ठेवायला हवी. ऊन नाही म्हणजे दिवसा प्राणवायू फार कमी बनतो, रात्रीचा खर्च मात्र तेवढाच. ढगाळ दिवशी शेण घालूच नये. फवारणीची टाकी तळ्याच्या काठावर धुणं तर त्याहून वाईट. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अत्यंत विषारी असतात आणि डॅफ्निया तर माशांच्याही आधी मरतो.

जंतनाशकाची गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. जनावराला आयव्हरमेक्टिन दिलं की त्यातलं बरंचसं शेणातून बाहेर पडतं आणि डॅफ्नियाला ते अगदी नगण्य मात्रेतही मारतं. अशा जनावराचं शेण काही आठवडे तळ्याकडे नेऊ नये, उकिरड्यावर टाकावं.

हिरव्या पाण्याची तक्रार ड्रिपकडूनही येते, आणि ती रास्त आहे. शेवाळानं ड्रीपर तुंबतात. सँड फिल्टर असेल तर बॅकवॉश वारंवार द्यावा लागतो, नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भागत नाही. दुसरीकडे, याच पाण्यातून थोडं नत्र-स्फुरद बागेला जातं. फिल्टर धुवायला माणूस नसेल तर मासे न सोडलेले बरे, असं माझं स्पष्ट मत आहे. बाग महत्त्वाची.

मासे काढण्याआधी दोन-तीन आठवडे शेण थांबवावं. शेणातले जिवाणू माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यात असू शकतात, म्हणून साफ करताना आतडं फुटू देऊ नये, मासा नीट शिजवावा. मार्च-एप्रिलमध्ये पाणी बागेला जाऊन तळं अर्ध्यावर येतं तेव्हा तेवढेच मासे निम्म्या पाण्यात उरलेले असतात आणि ऊनही चढलेलं असतं. तेव्हा एकदम काढण्याची वाट पाहू नये, मोठे मासे आधीच जाळ्यानं काढून विकायला लागावं.