दोन हार्ड डिस्क, एक लॅपटॉप आणि सुरुवातीचे काही सेकंद

एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली की व्यवस्थित चालते. दुसरी एकटी लावली तरी चालते. दोन्ही एकदम लावल्या की त्यांतली एक ‘टक्‌ टक्‌’ करू लागते, स्क्रीनवरून गायब होते, पुन्हा उगवते. लग्नाचे फोटो एका डिस्कवरून दुसरीवर घेणाऱ्या फोटोग्राफरांना हा अनुभव नवा नाही. डिस्क गेली समजून माणूस दुकान गाठतो आणि तिथल्या डेस्कटॉपला लावली की ती निमूट चालते. अशा वेळी आधी विजेकडे पाहावे.

यूएसबीच्या केबलमधून डेटा जातो तशी वीजही जाते, ५ व्होल्टची. किती द्यायची याचे नियम ठरलेले आहेत. २००० साली आलेल्या यूएसबी २.० मध्ये एका उपकरणाला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. २००८ च्या यूएसबी ३.० मध्ये ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. टाइप-सी पोर्टला ५ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅटपर्यंत देता येतात; पण दिलेच पाहिजेत असे बंधन लॅपटॉपवर नाही. टाइप-सीच्या नावाने सांगितला जाणारा २४० वॅटचा आकडा चार्जिंगसाठीचा आहे. त्याच भोकातून लॅपटॉप बाहेर किती वीज देतो, हा प्रश्न निराळा.

आता डिस्ककडे येऊ. अडीच इंची डिस्क वाचता-लिहिताना साधारण दोन वॅट घेते. हिशेबाने दोन काय, तीनही डिस्क आरामात चालायला हव्यात. गोम आहे सुरुवातीच्या काही सेकंदांत. आतल्या तबकड्या स्थिर असतात आणि त्यांना मिनिटाला ५४०० फेऱ्यांपर्यंत न्यायचे असते. फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब निर्माण करून येणारा प्रवाह रोखून धरते. थांबलेल्या मोटरजवळ हा अटकाव नसतो, म्हणून ती सुरू होताना सर्वांत जास्त वीज ओढते. विहिरीवरचा पंप चालू झाला की घरातला दिवा क्षणभर मंदावतो, तोच हा प्रकार. अडीच इंची डिस्क सुरू होताना एक अँपिअरच्या आसपास, म्हणजे पाच वॅट मागते.

साडेचार वॅटची मर्यादा आणि पाच वॅटची मागणी, तरी एकटी डिस्क चालते कशी? लॅपटॉप बनवणारे हात थोडा सैल ठेवतात म्हणून. पोर्टच्या मागे प्रवाहावर नजर ठेवणारा एक छोटा स्विच असतो आणि तो बहुधा नियमातल्या आकड्याच्या बराच वर गेल्यावर पुरवठा तोडतो. पण अनेक लॅपटॉपमध्ये शेजारच्या दोन पोर्टांना मिळून असा एकच स्विच असतो. मग एका डिस्कला पुरणारी ढील दोघींना पुरत नाही.

उपकरणाने किती वीज लागेल हे जोडताक्षणी सांगायचे, असाही नियम आहे. यूएसबी ३ मध्ये हा आकडा ८ मिलिअँपिअरच्या पटीत द्यावा लागतो, म्हणून तपशील उघडून पाहिला तर बऱ्याच डिस्कपुढे ८९६ दिसतो. लॅपटॉप या कबुलीवर विश्वास ठेवतो, प्रत्यक्ष वापर काटेकोर मोजत बसत नाही. डिस्क ८९६ सांगते आणि सुरुवातीला हजार ओढते, हे सगळ्यांना माहीत असलेले गुपित आहे.

याहून कमी लक्ष जाते ते केबलकडे. स्वस्त केबलमधल्या विजेच्या तारा पुष्कळदा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). एक मीटर लांबीला जाण्या-येण्याचा मिळून रोध साधारण ०.४३ ओहम. एक अँपिअर वाहू लागला की ५ व्होल्टमधले ०.४३ व्होल्ट वाटेतच जिरतात, डिस्कपाशी ४.५७ उरतात. आता याच केबलच्या टोकाला साधा हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी, लावून त्यावर दोन डिस्क एकदम सुरू केल्या, तर दोन अँपिअरला ०.८६ व्होल्ट गळतात आणि पोहोचतात जेमतेम ४.१४. डिस्क इथे हात टेकते. तारा २४ गेजच्या असतील तर गळती निम्म्याहून कमी. डिस्कसोबत आलेली आखूड केबल कंजूषपणाने दिलेली नसते. तिच्याऐवजी लांब केबल वापरू नये.

व्होल्टेज घसरल्यावर डिस्कच्या आत जे घडते ते मोठे देखणे आहे. वाचणारे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर, हवेच्या थरावर तरंगत असते. वीज अपुरी पडली की ते तबकडीवर टेकण्याचा धोका. म्हणून डिस्कचे सर्किट वीज कोसळताना ओळखते आणि फिरत्या तबकड्यांच्या उरलेल्या गतीतून वीज काढते: मोटरचा तेवढ्यापुरता जनित्र होतो. त्या विजेवर हेड उचलून बाजूच्या उतारावर ठेवले जाते. आपण ऐकतो ती ‘टक्‌’ बहुधा या धावपळीचीच. मागणी थांबली की व्होल्टेज सावरते, डिस्क पुन्हा सुरू होऊ पाहते, पुन्हा कोसळते. हेड वाचले तरी अर्धवट लिहिलेल्या फाइलचे काही सांगता येत नाही. त्यातही डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर चालू बदलांची नोंदवही ठेवण्याची सोय तिच्यात नसते आणि नुकसान वाढू शकते.

तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या एसएसडीला मोटर नाही, म्हणून ती निर्धास्त, असे समजू नये. साटा या जुन्या, संथ जोडणीच्या एसएसडीला फारसे लागत नाही. मात्र एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी बाहेरच्या केसमध्ये घालून मोठी फाइल लिहायला घेतली तर पाच वॅटच्याही वर जाऊ शकते, आणि तेही लिहिणे संपेपर्यंत.

पातळ लॅपटॉपवाल्यांचे दुखणे वेगळे. एकाच टाइप-सी पोर्टला डॉक, म्हणजे अनेक प्रकारचे पोर्ट देणारा जोडडबा, लावायचा, त्यावर डिस्क, कार्ड रीडर, मॉनिटर आणि चार्जरही. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, म्हणून आपण निश्चिंत. पण आतापर्यंत डॉकला वीज चार्जर देत होता, आता ती लॅपटॉपने द्यायची असते. या अदलाबदलीत काही डॉक क्षणभर पुरवठा सोडतात आणि कॉपी चाललेली डिस्क निसटते. भारनियमनाच्या गावात मोठी कॉपी करायची तर डिस्क थेट लॅपटॉपला लावलेली बरी.

दोन डिस्क लावायच्याच असतील तर पहिली लावून तिचा फिरण्याचा आवाज एकसारखा होऊ द्यावा, मग दुसरी लावावी. मोठ्या सर्व्हरांमध्येही डिस्क अशाच एकामागून एक जागवतात. तसेच, जमल्यास दुसरी डिस्क लॅपटॉपच्या विरुद्ध बाजूच्या पोर्टला लावावी, कारण तिथला स्विच वेगळा असण्याची शक्यता जास्त. जुन्या डिस्कसोबत दोन तोंडांची केबल मिळायची, दोन पोर्टांची वीज एकत्र करणारी. ती नियमात बसत नव्हती, पण काम करायची.

खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. साडेतीन इंची डिस्कला तर १२ व्होल्टही लागतात, म्हणून तिच्याबरोबर अडॅप्टर येतोच. रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकाचे कर्ते सरळ सांगतात की चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर मिळतील. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात असा आकडा शोधून पाहा; रॅम, प्रोसेसर, रंग सगळे सापडेल, हा क्वचितच. हब घेतानाही खोक्यावरच्या पोर्टांच्या संख्येला भुलू नये, अडॅप्टरवरचे बारीक अक्षर वाचावे. सात पोर्टांच्या हबसोबत ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर असेल, तर त्यावर एकाच वेळी जाग्या होणाऱ्या डिस्क दोन, तिसरी नाही.