ऑस्करच्या मतदाराला गाठायचं कसं?

२००४ साली नाशिकच्या एका शाळेतल्या मुलांनी दिवे बनवून विकले. जळगावात कॉलेजची पोरं थिएटरबाहेर लोकांच्या बुटांना पॉलिश करायला बसली. सगळी धडपड ‘श्वास’साठी होती. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी एका मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला होता आणि भारताने तोच ऑस्करसाठी निवडला होता. पण अमेरिकेत जाऊन तो दाखवायला निर्मात्यांच्या हातात पैसा नव्हता. चित्रपट चांगला असेल तर त्याला पैसे कशाला लागतात, असा प्रश्न तेव्हा कुणालाही पडला असता. उत्तरासाठी ऑस्करच्या अगदी सुरुवातीकडे जावं लागतं.

ऑस्कर देणारी संस्था म्हणजे चित्रपटसृष्टीतल्याच लोकांची अकादमी. तिची स्थापना १९२७ ची आणि पहिला सोहळा १६ मे १९२९ चा. तेव्हा शेवटचा कौल पाच परीक्षकांचं मंडळ द्यायचं. दुसऱ्याच खेपेला मेरी पिकफर्ड या मोठ्या नटीने परीक्षकांना आपल्या ‘पिकफेअर’ बंगल्यावर चहाला बोलावलं. ती स्वतः अकादमीच्या संस्थापकांपैकी एक, नवरा डग्लस फेअरबँक्स अकादमीचा पहिला अध्यक्ष. पुरस्कार तिलाच मिळाला आणि बोभाटा झाला. त्यानंतर मतदान सर्व सदस्यांसाठी खुलं झालं. पाच जणांना एका घरी चहा पाजता येतो, शेकडोंना नाही, हा हिशेब बरोबर होता. पण शेकडोंना गाठायचे दुसरे मार्ग निघाले.

त्यातला मोठा मार्ग म्हणजे ‘व्हरायटी’ आणि ‘हॉलिवूड रिपोर्टर’ या चित्रपट-धंद्याच्या पत्रांतल्या जाहिराती. १९४५ च्या ‘मिल्ड्रेड पिअर्स’साठी जोन क्रॉफर्डच्या प्रसिद्धी सल्लागाराने तिच्या कामाची चर्चा इतकी आधीपासून पेरली की, पुढे अशा मोहिमांचा तो धडाच ठरला. या जाहिरातबाजीचं टोक गाठलं ‘द अलामो’ने. जॉन वेनचा हा चित्रपट १९६० चा. त्यातल्या सहायक भूमिकेसाठी नामांकन मिळालेल्या चिल विल्सने अकादमीच्या सदस्यांची नावं जाहिरातीत छापून ‘जिंका-हरा, तुम्ही सगळे माझे भाऊबंद’ अशा अर्थाचं आर्जव केलं. विनोदी नट ग्राउचो मार्क्सने उलट छोटी जाहिरात दिली : तुमचा भाऊबंद झाल्याचा आनंद आहे, पण माझं मत सॅल मिनिओला (तो त्याच विभागातला दुसरा उमेदवार). मग विल्सच्या बाजूने दुसरी जाहिरात आली. अलामोच्या लढाईत माणसांनी जिवासाठी केली नसेल इतकी प्रार्थना आमची मंडळी विल्सच्या ऑस्करसाठी करताहेत, अशी. खुद्द वेनला जाहीरपणे हात झटकावे लागले. पुरस्कार पीटर उस्तिनोव्हला गेला. मतदाराला भरीला घालता येतं तसं त्याला विटवताही येतं, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं.

पुढे घरोघर व्हीसीआर आले आणि मामला बदलला. सदस्यांना घरबसल्या पाहायला कॅसेट, नंतर डीव्हीडी जाऊ लागल्या. लहान चित्रपटांना हे वरदान होतं, कारण थिएटरात खेळ लावण्यापेक्षा पाकीट पाठवणं स्वस्त. पण मोठ्या कंपन्यांनी पाकिटाच्या जोडीला फोन, मेजवान्या, कलाकारांच्या भेटी अशी पूर्ण यंत्रणाच उभी केली. १९९९ मध्ये ‘शेक्सपिअर इन लव्ह’ने ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ला मागे टाकलं, तेव्हा त्यामागच्या मिरामॅक्स कंपनीच्या प्रचाराची चर्चा चित्रपटाइतकीच झाली. अकादमी नियम करत गेली. २०१० मध्ये ‘द हर्ट लॉकर’च्या एका निर्मात्याने ‘त्या मोठ्या बजेटच्या चित्रपटाला मत नको’ अशा आशयाचे ईमेल मतदारांना धाडले, तर त्याला सोहळ्याची दारं बंद झाली. चित्रपट मात्र जिंकला.

त्याच वर्षीचा आणखी एक बदल मला प्रचाराच्या सगळ्या किश्श्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकनं पाचाची दहा झाली आणि पसंतीक्रमाचं मतदान आलं. मतदार चित्रपटांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम देतो. कुणालाही निम्म्याहून जास्त पहिली पसंती नसेल तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याची मतं त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या नावाला जातात. असं करत करत एक जण निम्म्यापुढे जातो. अशा मोजणीत काहींना जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसा असलेला चित्रपट अडकतो. बहुतेकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर असलेला तरून जातो.

मतदारही बदलले. गोऱ्या कलाकारांचीच वर्णी लागते या २०१५-१६ च्या संतापानंतर अकादमीने जगभरातून सदस्य घेतले. संख्या सहा हजारांच्या आसपास होती, ती दहा हजारांजवळ गेली. २०२० मध्ये कोरियन ‘पॅरासाइट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, इंग्रजीबाहेरचा पहिलाच.

आपल्याकडे प्रचाराची ही वाट आशुतोष गोवारीकर आणि आमिर खान यांनी २००२ मध्ये तुडवली. ‘लगान’साठी दोघं लॉस एंजेलिसला मुक्काम ठोकून होते आणि खेळामागून खेळ लावत होते. नामांकन मिळालं, पुरस्कार बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ला. ‘श्वास’ला नामांकनही मिळालं नाही. पण मुलांनी दिवे विकून उभा केलेला पैसा कुणाचं मन वळवायला नव्हता. आजोबा-नातवाची ती गोष्ट मतदाराच्या डोळ्यांसमोर यावी, एवढ्यासाठीच तो होता. न पाहिलेल्या चित्रपटाला कोण मत देणार?

इतकी साधी गोष्ट सगळ्या विभागांच्या नियमात यायला मात्र २०२५ उजाडलं. त्या एप्रिलमध्ये अकादमीने ठरवलं की, एखाद्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय त्या विभागात अंतिम मत देता येणार नाही. अकादमीच्या ऑनलाइन दालनात पाहिलं तर नोंद आपोआप होते. महोत्सवात किंवा थिएटरात पाहिलं असेल तर कधी आणि कुठे, ते सदस्याने फॉर्मवर लिहून द्यायचं.