सिलिॲक आजारातील आहारोपचार

सिलिॲक हा लहान आतड्याचा दीर्घकालीन ऑटोइम्यून आजार. गहू, सातू आणि राय या धान्यांत असणाऱ्या ग्लूटेन या प्रथिनामुळे रोगप्रतिकारक यंत्रणा आतड्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. अन्नरस शोषणारे अंकुर झिजतात. मग जुलाब, पोटफुगी, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ असे त्रास सुरू होतात. रुग्णाच्या जनुकांत एचएलए-डीक्यू २ किंवा डीक्यू ८ हे प्रकार बहुधा सापडतात. बहुतेक ऑटोइम्यून आजारांत डॉक्टर आहाराला औषधाच्या जोडीचे स्थान देतात; इथे मात्र पथ्य हाच उपचार आहे.

आहाराचे महत्त्व डॉक्टरांना लवकर कळले, पण नेमके काय टाळायचे ते कळायला साठ वर्षे गेली. १८८८ मध्ये लंडनचे सॅम्युएल गी यांनी आजाराचे वर्णन करताना तो बरा होणार असेल तर आहारानेच होईल, असे लिहिले. मात्र त्यांनी भात आणि साबुदाणा वर्ज्य ठरवला आणि भाजलेल्या पावाचे पातळ काप चालू ठेवले! रोज हॉलंडचे शिंपले खाऊन एक मूल छान सुधारले, हंगाम संपताच पुन्हा आजारी पडले आणि पुढच्या वर्षी शिंपल्यांना तोंड लावायला तयार होईना, अशी नोंदही त्यांनी केली आहे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांचा केळ्यांचा आहार गाजला. मुले सुधारत, कारण त्या आहारात पाव नसे. श्रेय मात्र केळ्यांना मिळाले.

खरा उलगडा डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी केला. त्यांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकापासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या दुष्काळात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही मुले उलट बरी दिसू लागली आणि पाव परत येताच आजार परतला. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध सादर केला.

निदान होण्याआधी स्वतःहून गहू सोडू नये, असे डॉक्टर बजावतात. कारण गहू बंद झाला की रक्तातील प्रतिपिंडे आणि बायोप्सी दोन्ही फसवी ठरू शकतात. निदान झाल्यावर पथ्य जन्मभराचे. लोह, फॉलिक ॲसिड, ब १२ आणि ड जीवनसत्त्व तपासून कमतरता भरून काढतात. हाडांची घनताही पाहतात. 'ग्लूटेन-फ्री' छापलेली बिस्किटे आणि पाव यांच्याबद्दल आहारतज्ज्ञ फारसे उत्साही नसतात, कारण त्यांत तंतू कमी आणि स्निग्धांश बऱ्याचदा जास्त असतो.

भारतात हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेत अधिक, दक्षिणेत बराच कमी आढळतो. महाराष्ट्रातील रुग्णाला ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी आणि भात हा घरचाच आधार आहे. उपवासाचे बरेचसे ताट (वरी, राजगिरा, साबुदाणा) त्याला चालते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा रव्याचा शिरा चालत नाही.

अडचण येते ती लपलेल्या गव्हाची. भारतात 'ग्लूटेन-फ्री' पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालते, यावरून पथ्य किती काटेकोर असते ते कळावे. त्यामुळे पथ्य पाळूनही प्रतिपिंडे उतरत नसतील, तर डॉक्टर आधी स्वयंपाकघराची चौकशी करतात: ज्वारी कोणत्या गिरणीत दळली, तिथे आधी गहू दळला होता का, आणि फोडणीतला हिंग कोणता? बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते.